माझं गणित राहिलं

आमच्याकडे पोरगं नापास झालं असं कुणी पटकन म्हणत नसे. विषय राहिला म्हणत. कुणाचं इंग्रजी राहिलं, कुणाचं सायन्स राहिलं, जसं गाडी सुटायच्या घाईत एखादं बोचकं फलाटावर राहून जावं तसं. माझं गणित राहिलं. निकाल लागला त्या दिवशी हिमायतनगरच्या आमच्या घरात आईनं अंबाडीची भाजी केली होती आणि वरून लसणाची फोडणी द्यायची ती विसरली. अण्णा तहसीलमध्ये कारकून होते. गावातल्या निम्म्या लोकांचे उतारे त्यांच्या हातून गेलेले, त्यामुळे संध्याकाळपर्यंत चार जणांनी तरी त्यांना रस्त्यात थांबवून विचारलं, "साहेब, पोरीचं काय झालं?" घरी येऊन त्यांनी पायातल्या चपला नेहमीसारख्या भिंतीशी लावून ठेवल्या आणि बिनफोडणीची भाजी तशीच खाल्ली. बाकी सगळ्या विषयांत मी पास होते. मराठीत तर वर्गात पहिली. पण गणित राहिलं म्हणजे दहावी राहिली, आणि दहावी राहिली म्हणजे पुढचं सगळंच तिथंच थांबलं. अकरावीला कुणी दारात उभं करत नव्हतं.

आईनं त्यावर एकच उपाय काढला, तिचा भाऊ. माझा मामा लातूरला गणिताचे क्लास घेई. तेव्हा लातुरात नुकतं सगळं फुगायला लागलं होतं. आजच्यासारख्या चार मजली इमारती आणि भर रस्त्यावर लटकणारे पोरांचे हातभर फोटो नव्हते, पण दालमिलच्या वासात शिकवणीच्या पाट्या उगवू लागल्या होत्या. नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद सगळीकडून पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन एस.टी.तून उतरत आणि खोल्या शोधत फिरत. मामाच्या घराचा पुढचा हॉल म्हणजे क्लास आणि मागची बाजू म्हणजे मामीची मेस. मध्ये एक दार होतं. त्या दाराच्या पुढं मामाला सगळे 'सर' म्हणत आणि मागं मामीला 'काकू'. सकाळी पाचाच्या बॅचला मामाचा खणखणीत आवाज सुरू व्हायचा, त्याच वेळी इकडं मामीच्या परातीत भाकरी थापल्याचा. झोपेत मला वाटे, दोघं मिळून एकच काहीतरी म्हणतायत.

मला मामानं हॉलमध्ये बसवलं नाही. आईला त्यानं आधीच सांगितलं होतं, "अक्का, सरांची भाची नापास हाय म्हणून पोरं कुजबुजतील. मी तिला वेगळं शिकवतो." आलेल्या-गेलेल्याला सांगायचं ठरलं की नंदा मामीच्या मदतीला आली आहे. मला त्याचं वाईट वाटलं होतं का, हे आज आठवून पाहते तर तेव्हा तरी सुटका वाटली होती. मी दाराच्या मागच्या बाजूला पाट टाकून बसे. मांडीवर सोलायच्या लसणानं भरलेलं सूप आणि कानावर पलीकडची बॅच. ऐकून ऐकून प्रमेयं मला गाण्यासारखी पाठ झाली. मामाचं पोरांना दरडावणं, खडू मोडल्याचा आवाज, "इथून लंब टाका" म्हटल्यावर मोजपट्ट्यांची खडखड, सगळं. दुपारी मामा जेवून माझ्यासमोर पाटी घेऊन बसे आणि तेच प्रमेय विचारी. मी न अडखळता म्हणून दाखवी. मग तो आकृती जराशी फिरवून देई आणि माझ्या डोक्यात सगळा अंधार. त्रिकोण उलटा केला की तो माझ्या ओळखीचा राहत नसे. मामा चिडत नसे. तो नुसता पाटीकडं बघत राही, मग ती पुसे, पुन्हा काढे. "परत बघ, नंदे." मी परत बघे. मामी आतून म्हणे, "अहो, पोरीला चार घास खाऊ द्या की जरा." मग मला सुशीला मिळे. भिजवलेले मुरमुरे, शेंगदाणे, वर लिंबू. गणित म्हटलं की मला अजूनही त्या लिंबाचा वास येतो.

गणपती विसर्जन झालं त्याच रात्री, पहाटे भूकंप झाला. त्याबद्दल इतकं लिहून झालं आहे की मी त्यात भर घालणार नाही. आमच्या घराच्या भिंतीला एक भेग गेली, मेसची भांडी मांडणीवरून खाली आली आणि गल्लीतले सगळे रस्त्यावर येऊन उभे राहिले, एवढंच आमच्या वाट्याला आलं. उजाडल्यावर किल्लारीकडच्या बातम्या यायला लागल्या. दोन दिवसांत पोरं आपापल्या पेट्या उचलून गावाकडं निघून गेली. ज्यांची गावं तिकडचीच होती ती तर पहिल्याच गाडीनं गेली. हॉल रिकामा पडला. मामानं फळ्यावर अर्धवट राहिलेलं उदाहरण तसंच ठेवलं आणि तो गावातल्या इतरांबरोबर ट्रकवर बसून तिकडं गेला. परत आला तेव्हा त्याच्या केसांत, कानांत माती होती. मामीनं पाणी तापवून दिलं. तो न्हाणीत गेला आणि लई वेळ बाहेर आला नाही. आम्ही दोघी चुलीपाशी बसून राहिलो. पाण्याचा आवाजही येत नव्हता.

मामीच्या घरात पोरांसाठी भरलेली ज्वारी होती आणि खाणारी पोरं नव्हती. तिनं कुणाला विचारलं नाही. ती थापायला बसली आणि मला म्हणाली, "तू भाजून काढ." दुपारपर्यंत दुरड्या भरल्या. आम्ही दोघी रिक्षात दुरड्या मांडीवर घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं खाटा कधीच संपल्या होत्या. व्हरांड्यात, जिन्याखाली, सतरंज्यांवर माणसं होती. बाहेर पाऊस पडत होता आणि आत ओल्या गोधड्यांचा आणि औषधाचा वास. मामी भाकरी वाटत पुढं जाई, मी मागून चटणी. पहिल्या दिवशी मी कुणाच्या तोंडाकडं बघितलंच नाही, फक्त पुढं आलेल्या हातांकडं बघितलं.

जिन्याजवळ एक बाई होत्या. कोंडाबाई. साठीच्या असतील. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. त्या खात नव्हत्या, बोलत नव्हत्या. घरात कोण होतं, नातेवाईक कुठं आहेत, काहीच सांगत नव्हत्या. सोनवणे सिस्टर म्हणून तिथल्या एक थोराड नर्स होत्या, त्यांना दम घ्यायला फुरसत नव्हती. त्या जाता जाता मला म्हणाल्या, "पोरी, रिकामी हायस का? बस त्या म्हातारीजवळ. नुसती बस." मी बसले. बाकीचे लोक येऊन त्यांना विचारून गेले होते की कोण कोण गेलं. मला ते विचारवेना. बऱ्याच वेळानं मी आपलं काहीतरी म्हणून म्हटलं, "मावशी, तुमच्याकडं ज्वारी कोणती पेरतात? मालदांडी का दगडी?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "मालदांडी," त्या म्हणाल्या. "दगडीची भाकर काळी पडती. आमच्या न्हान्याला आवडत न्हाई."

न्हाना म्हणजे धाकटा मुलगा. तो होता की गेला, मी विचारलं नाही. मी विचारलं, पेरणी कधी करता, रान काळं आहे का, बैल कुठले. त्या सांगत गेल्या. बोलता बोलता त्यांनी भाकरीचा एक तुकडा मोडला आणि हातातच धरला. दुसऱ्या दिवशी मी गेले तर त्या जिन्याकडं डोळे लावून बसल्या होत्या. असे काही दिवस गेले आणि मग एका दुपारी त्यांनी आपणहून एकेकाचं नाव घेतलं. न्हान्याचं, सुनेचं, दोन नातींचं. प्रत्येक नावानंतर त्या थांबायच्या आणि मी ते नाव परत म्हणायची, एवढंच. मला कुणी तसं शिकवलं नव्हतं. नावं संपल्यावर त्या रडल्या. सोनवणे सिस्टर लांबून बघत होत्या. त्यांनी मला व्हरांड्याच्या टोकाला बोलावलं आणि म्हणाल्या, "तू नर्सिंगला ये. मी सांगते कुठं अर्ज करायचा ते. दहावी झालीस ना?"

"गणित राहिलंय, सिस्टर."

"मग काढ की बाई लवकर!" त्या म्हणाल्या आणि कुणीतरी हाक मारली तशा पळाल्या.

मला तोपर्यंत गणित काढायचं होतं ते आईसाठी, अण्णांसाठी, मामाच्या पाटीसाठी. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते माझ्यासाठी काढावंसं वाटलं. मी इतका अभ्यास आयुष्यात कधी केला नाही. परीक्षा माझ्या शाळेच्या केंद्रावरच द्यायची होती. मामा लातूरहून नांदेड, नांदेडहून हिमायतनगर असा एस.टी.त माझ्याशेजारी बसून आला आणि लोह्यापर्यंत सूत्रं म्हणून घेतली. पेपर सुरू असताना बाहेरून एक जड ट्रक गेला, बाकं थरथरली आणि अर्धा वर्ग दाराकडं धावला. पर्यवेक्षक ओरडत होते, "बसा, बसा, काही न्हाई!" मी मात्र जागची हलले नाही. समोरच्या प्रश्नात त्रिकोण उलटा होता आणि मी त्याला सरळ करायचा प्रयत्न करत होते.

गणित पुन्हा राहिलं. गेल्या वेळी काठावर होतं, या वेळी तेवढंही नाही.

मामाला ते कळलं तेव्हा मी पुन्हा लातूरला होते, पोरंही परतली होती आणि हॉल भरला होता. त्यानं बॅच पुरी केली. मग दार लोटून तो आत आला आणि माझ्यासमोर जमिनीवरच बसला. मला वाटलं आता बोलणी खावी लागतील. तो म्हणाला, "नंदे, तीनशे पोरांना मी शिकवतो. तुला मला शिकवता आलं न्हाई, हे मला आज कबूल करू दे." मी रडायला लागले. तो उठला, खुंटीवरचा शर्ट अंगात घातला. "रडू नको. गणिताशिवाय दुनिया बंद हाय का, ते तरी बघू."

त्यानंतर आम्ही दोघं हिंडलो. आधी लातूर, मग नांदेड. मामाच्या स्कूटरवर, सिटी बसमध्ये, पायी. प्रत्येक कचेरीच्या खिडकीशी मामा वाकून तोच प्रश्न विचारी, "दहावी गणितात नापास मुलगी हाय. काय करता येईल?" काही ठिकाणी त्याला ओळखणारे निघत. एका कॉलेजातला कारकून हसत म्हणाला, "सर, तुमच्या क्लासला पाठवा की!" मामानं तेवढंच हसून सांगितलं, "पाठवली होती." आय.टी.आय.मध्ये मुलींसाठी शिवणकाम होतं, त्याला दहावी लागत नव्हती. माझ्या हातानं साधी गुंडी सरळ लागत नाही. मी वायरमनचं विचारलं तर खिडकीतल्या माणसानं मामाकडं बघून विचारलं, "खरंच विचारून राहिली का ती?" नर्सिंगला दहावी पास. डी.एड.ला बारावी. गाण्याच्या परीक्षांना काही लागत नव्हतं, पण गळा लागत होता. दुपारी आम्ही गोदावरीच्या घाटावर बसून मामीनं बांधून दिलेले धपाटे खाल्ले. मामाचे पाय सुजले होते. मी म्हटलं, "मामा, राहू द्या आता." तो म्हणाला, "अजून एक कॉलेज राहिलंय. मग जाऊ."

त्या कॉलेजात देशमुख मॅडम भेटल्या. तरुण होत्या, मराठी शिकवत आणि रविवारी तिथं मुक्त विद्यापीठाचं केंद्र सांभाळत. मामाचा प्रश्न त्यांनी पुरता ऐकून घेतला आणि मामाला नव्हे, मला विचारलं, "वय काय तुझं?"

"सतरा पूर्ण."

"अठरा पूर्ण झाले की ये. एक पूर्वतयारीची परीक्षा आहे. ती पास झालीस की थेट बी.ए.ला बसता येतं. दहावी-बारावीचं सर्टिफिकेट मागत नाहीत."

मामाचा विश्वास बसेना. "पदवी खरी असती का, मॅडम?"

"खरीच, सर. विद्यापीठाची असते. पण एक आत्ताच सांगून ठेवते. नोकरीच्या ठिकाणी कुणीकुणी दहावी विचारतीलच. तेव्हा हिला तोंड द्यावं लागेल."

"आणि गणित?"

"बी.ए.च्या मराठीला गणित कशाला लागतंय?"

मामा खुर्चीत मागं टेकला. त्यानं सगळं आयुष्य गणितावर काढलेलं. तिथं बसून तो एकदम हसायला लागला, इतका की डोळे पुसावे लागले. मॅडमनी चहा मागवला.

अठरा पूर्ण व्हायला पोळा यावा लागणार होता, आणि तेवढ्या अवधीत अण्णांनी धर्माबादचं एक स्थळ बघितलं. मुलगा चांगला होता असं सगळे म्हणत. अण्णा मला न्यायला लातूरला आले. मामानं त्यांना पूर्वतयारी, बी.ए., विद्यापीठ सगळं फळ्यावर लिहावं तसं क्रमानं सांगितलं. अण्णा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, तुमचा आदर हाय. पण दहावी नापास पोरीला बी.ए. करतो म्हणता, लोक मला येड्यात काढतील. वय निघून गेल्यावर कोण करणार तिला?" मी म्हटलं, "अण्णा, मला शिकायचंय," पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

मामी दारात उभी होती, पदराला हात पुसत. मामीनं अण्णांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. ती म्हणाली, "दाजी, पोर न्यायची तर खुशाल न्या. पण मला दुसरी आणून द्या. मेस एकटीला रेटत न्हाई मला. कंबर गेली माझी. हे दिवसभर खडू धरून बसतात, यांचा काय उपयोग? एक वरीस तरी राहू द्या तिला माझ्याजवळ. माझ्यासाठी."

अण्णांनी मामाचं शहाणपण मोडून काढलं असतं, पण मेहुण्याच्या बायकोची कंबर त्यांना मोडता येईना. त्यांनी मान हलवली. "एक वरीस." मामी आत गेली. मी तिच्या मागं गेले तर ती दोन्ही हातांनी पाण्याची घागर उचलून ओट्यावर ठेवत होती, बिलकुल न कण्हता. माझ्याकडं बघून तिनं नुसतं नाक उडवलं.

त्या वर्षाची पुढं तीन-चार वर्षं झाली. अण्णांनी मला परत न्यायचा विषय काढला नाही, आणि मी पूर्वतयारी पास झाले तेव्हा तहसीलमध्ये पेढे त्यांनीच वाटले. रविवारी पहाटेच्या गाडीनं नांदेडला केंद्रावर, बाकीचे दिवस मेसमध्ये. देशमुख मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. बी.ए. झालं, मग समाजकार्याचं शिक्षण झालं, आणि मुलाखतींत दहावी विचारली गेलीच. काही दारं त्याच शब्दावर बंद झाली. भूकंपाच्या गावांत काम करणाऱ्या एका लहान संस्थेतल्या बाईंनी मात्र विचारलं, "लोकांशी बोलता येतं का?" आणि मी त्यांना कोंडाबाईंबद्दल सांगितलं. पस्तीस वर्षांची होईपर्यंत मी त्याच गावांतून फिरत होते. माझं लग्नही त्या कामातच जमलं. आज पन्नाशीला आल्यावर लोक मला समुपदेशक म्हणतात. तो शब्द मोठा वाटतो मला.

पण माझं खरं काम त्याच्याही आधी सुरू झालं होतं, मामाच्या घरात, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना. दहावीचा निकाल लागला होता. लातुरात निकालाचा दिवस म्हणजे फटाके, गुलाल, क्लासक्लासांतून हार. मामाच्या हॉलमध्येही पहिल्या आलेल्या पोरांचा सत्कार चालला होता. त्या गर्दीत एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन दाराशी उभे होते. मुलगी क्लासचीच होती. तिचं गणित राहिलं होतं. पेढे वाटणाऱ्यानं त्यांच्यापुढंही पेढा धरला आणि त्यांनी तो हातात घेऊन ठेवला, काय करावं न कळून. मामानं ते व्यासपीठावरून पाहिलं. त्यानं हातातला हार तसाच टेबलावर ठेवला, सगळ्यांच्या मधून वाट काढत त्यांच्यापर्यंत गेला आणि म्हणाला, "चला माझ्यासंगं." मग त्यानं मधलं दार सताड उघडलं. हॉलमधल्या सगळ्यांना मी भाजी चिरताना दिसले.

"ही माझी भाची," मामा पालकांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाला. "गणितात दोनदा राहिली, दुसऱ्यांदा तर माझ्या हाताखाली. आता बी.ए. करतीय. हिला विचारा. मला माहीत न्हाईत ते सगळे रस्ते हिला माहीत हायत."

आणि तो परत सत्काराला गेला.

मुलगी माझ्यासमोर बसली. ओढणीचं टोक चावून चावून ओलं केलं होतं तिनं. वडील उभेच होते. मी पाट सरकवला तेव्हा टेकले. मी त्यांना सांगत गेले. ऑक्टोबरला पुन्हा बसता येईल, बसलंच पाहिजे. नाही निघालं तर आय.टी.आय. आहे, तिथं काय काय आहे. त्याशिवाय अठरा झाल्यावर हा एक रस्ता आहे, मी गेले तो, आणि त्यात पुढं काय अडचण येते तेही. वडील मध्येच विचारत, "म्हंजे शिक्षण थांबत न्हाई?" मी म्हणे, "थांबत नाही, काका." त्यांनी तेच तीनदा विचारलं. पलीकडं टाळ्या वाजत होत्या, कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं.

मुलीनं ओढणी तोंडातून काढली.

"ताई, तुमचं गणित मग निघालं का शेवटी?"

"न्हाई गं," मी म्हटलं. "अजून राहिलंच हाय."

तिनं आधी वडिलांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मग एकदम खुदकन हसली. वडिलांनी मुठीत कुस्करून गेलेला पेढा मोडला आणि अर्धा तिच्या हातावर ठेवला.